‘हिला आत्मविश्वासच नाही’ : नववीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं एक गाव आणि तिथलं मराठी माध्यमाचं माध्यमिक विद्यालय. मुलगी नववीतली, वय 14. तिला इथे रेश्मा म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. आई बंदरावरच्या लिलावात मासळी घेते आणि तालुक्याच्या बाजारात बसून विकते. घरात आजी आणि धाकटा भाऊ.

सातवीपर्यंत रेश्मा वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत होती. वर्गात 9 मुलं आणि पहिला नंबर कायम तिचा. परिपाठात बातम्या वाचायला ती, पंधरा ऑगस्टच्या भाषणाला ती, साहेब तपासणीला आले की फळ्यापाशी जाणारीही तीच. आठवीत ती एसटीने हायस्कुलात येऊ लागली. एका तुकडीत 42 मुलं, सात-आठ वाड्यांतून आलेली, आणि प्रत्येक वाडीतला पहिला नंबर याच वर्गात बसलेला. आठवीच्या वार्षिक परीक्षेत ती सतरावी आली. टक्के सातवीपेक्षा फार घसरले नव्हते, पण नंबर घसरला आणि घरी नंबरच विचारतात.

मानसशास्त्रात हा प्रकार ओळखीचा आहे. हर्बर्ट मार्श यांनी 1980 च्या दशकात तो मांडला: सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर हुशार गटात बसलेलं मूल स्वतःला कमी लेखतं. आपल्याकडे लहान पटाच्या शाळेतून थेट मोठ्या हायस्कुलात जाणारी मुलं दरवर्षी या धक्क्यातून जातात. त्यात कोकण मंडळाचा दहावीचा निकाल बहुतेक दरवर्षी राज्यात पहिला लागतो. त्यामुळे गावात 75 टक्के हा आकडा कौतुकाचा राहिलेला नाही.

अडचण कुठून पुढे आली

जुलैमध्ये वर्गशिक्षिकेने ‘मी कोण आहे?’ हा उपक्रम घेतला. ‘मी…’ ने सुरू होणारी वाक्यं लिहायची. मूळ कल्पना कून आणि मॅकपार्टलंड यांची, 1954 सालची. त्यात 20 वाक्यं असतात, बाईंनी 10 ठेवली. इथवर ठीक होतं. मग वाक्यं उभं राहून वाचायला सांगितली गेली. रेश्माने पाचच लिहिली होती: अमक्याची मुलगी, भावाची बहीण, नववीत शिकते, अमुक वाडीत राहते, आईला मदत करते. शेवटच्या वाक्यावर मागच्या बाकावरून ‘मासळीवाली’ असा शब्द आला आणि दोघातिघांनी नाक दाबलं.

त्यानंतर तिने हात वर करणं सोडलं. पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 7 गुण मिळाले. शेवटच्या तासांना डोकं बाकावर. शिक्षिकेने समुपदेशकाकडे पाठवताना चिठ्ठीत एकच ओळ लिहिली होती: ‘मुलगी हुशार आहे, पण आत्मविश्वासच नाही.’

ही ओळ किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत ऐकू येते आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. कशातला आत्मविश्वास? कुणासमोरचा? कधीपासून? हे विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हे पहिल्याच भेटीत ठरलं.

आणखी एक गोष्ट. पाचही वाक्यं नात्यांची आणि भूमिकांची होती. त्यावरून ‘हिला स्वतःची ओळखच नाही’ असा निष्कर्ष स्टाफरूममध्ये निघाला होता. तो चुकीचा. वाडीत वाढलेलं मूल स्वतःला आधी कुणाचं तरी म्हणून ओळखतं, मोठी माणसंही तशीच ओळख सांगतात. पाहायचं होतं ते एवढंच, की सातवीत तिने लिहिलं असतं अशी कुठली वाक्यं आता गळून पडली आहेत.

आधी काय तपासलं

मन बघण्याआधी शरीर आणि सुरक्षितता. हा क्रम मोडला की महिनोन्महिने फुकट जातात.

फळा दिसतो का, ऐकू नीट येतं का, हे वर्गातच पाहिलं. मागच्या बाकावरून फळ्यावरची तारीख वाचायला लावणं एवढंही पुरतं. तिला दिसत होतं. डोकं बाकावर ठेवण्याचं कारण मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात कळलं: हिमोग्लोबिन 9.8 ग्रॅम. या वयाच्या मुलीला 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि 8 ते 10.9 मध्यम स्वरूपाचा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी ती घेत नव्हती, कारण रिकाम्या पोटी घेतल्यावर एकदा मळमळ झाली होती. डॉक्टरांनी उपचाराच्या मात्रेत गोळ्या सुरू केल्या. जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा नको, जेवणात लिंबू किंवा आवळा, हे आजीला समजावलं. गोळी द्यायचं काम आजीच करणार होती.

दुसरी तपासणी बंद खोलीत नाही, तर ग्रंथालयाच्या उघड्या दाराशी बसून केली. तिथे आवाज बाहेर जात नाही, पण माणसं दिसतात. सुरुवातीलाच गुप्ततेची मर्यादा सांगितली: तू सांगशील ते माझ्याकडे राहील; मात्र कुणी तुला त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, किंवा तुला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर मला ते पुढे सांगावंच लागेल. मुलांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे मुलीला आधी माहीत असणं तिचा हक्क आहे. मग झोप, भूक, रडू, ‘नकोसं वाटणं’ हे एकेक सरळ शब्दांत विचारलं. धोक्याचं काही आढळलं नाही. तरी मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हे दोन्ही क्रमांक तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून घेतले.

ती स्वतःकडे कसं पाहते

सुझन हार्टर यांनी किशोरांसाठी केलेल्या प्रश्नावलीत अभ्यास, खेळ, दिसणं, मित्रांमधली जागा, जवळची मैत्री, वागणूक अशी वेगवेगळी क्षेत्रं आहेत आणि एकूण स्वतःबद्दल काय वाटतं हे वेगळं विचारलेलं आहे. मूल एका क्षेत्रात स्वतःला भक्कम आणि दुसऱ्यात अगदी कमी मानू शकतं, या गृहीतावर ती उभी आहे. इथे ती चाचणी म्हणून वापरली नाही, गुण काढले नाहीत. फक्त तिची चौकट आणि प्रश्न विचारण्याची पद्धत घेतली. ती पद्धत अशी:

‘काही मुलांना वाटतं, नवा धडा आपल्याला लवकर कळतो. काही मुलांना वाटतं, आपल्याला वेळ लागतो. तू कुठल्या मुलांसारखी? थोडीशी, की अगदी तशीच?’

दोन्ही बाजूंना ‘काही मुलं’ असल्यामुळे कुठलंच उत्तर लाजिरवाणं राहत नाही. ‘तुला धडा कळतो का?’ असं विचारलं की मूल मान हलवतं आणि तो होकार बिनकामाचा असतो.

सात कार्डं केली: अभ्यास, खेळ, दिसणं, मैत्रिणी, वागणूक, घरचं काम, हातातली कला. मग 20 चिंचोके दिले आणि विचारलं, यातलं तुला किती महत्त्वाचं वाटतं, तेवढे प्रत्येक कार्डावर ठेव. रेश्माने दिसण्यावर 9, अभ्यासावर 6, मैत्रिणींवर 4 आणि वागणुकीवर 1 ठेवला. खेळ, कला आणि घरचं काम या तिन्हींवर काहीच नाही. जिथे ती स्वतःला कमी समजत होती, नेमकं तिथेच वजन टाकलेलं. विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये हेच गणित मांडलं होतं: स्वतःबद्दलची किंमत म्हणजे मिळालेलं यश भागिले बाळगलेली अपेक्षा.

‘दिसणं’ या कार्डावर बोलणं सर्वांत लांबलं. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी नातेवाईक दारात पाऊल टाकताच ‘किती गो काळवंडलंस!’ म्हणतात. मायेने म्हणतात. ती ते जमा करत गेली होती. आणि मागच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्याच्या पुढच्या रांगेत उजळ मुली घेतल्या होत्या. हे कुणी बोललं नव्हतं, पण रांग सगळ्यांना दिसत होती. दुसऱ्यांच्या नजरेतलं आपलं रूप आपण स्वतःचं म्हणून उचलतो, हे चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये आरशाच्या उपमेने मांडलं. इथे तो आरसा शाळेनेच धरला होता.

पर्याय

मुख्याध्यापकांनी सुचवलं की बाहेरचा वक्ता बोलावून आत्मविश्वासाचं व्याख्यान ठेवावं. खर्च कमी, फोटोही निघतात. व्याख्यानात बहुधा ‘मी करू शकतो’ असं मोठ्याने म्हणवून घेतात. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 मधल्या प्रयोगांत, स्वतःला कमी लेखणाऱ्या लोकांना असली चांगली वाक्यं स्वतःशी म्हणायला लावल्यावर आणखी वाईट वाटलं होतं. मनात लगेच ‘खोटं’ असा जबाब येतो. हा पर्याय सोडला.

वर्गशिक्षिकेचा पर्याय पहिल्या बाकावर बसवणं आणि सर्वांसमोर भरपूर कौतुक. हेतू चांगला, पण वाढीव कौतुक अशा मुलांना घाबरवतं. पुढच्या वेळी तेवढंच जमलं नाही तर काय, या भीतीने ती अवघड काम टाळतात. एडी ब्रुमेलमन यांच्या 2014 च्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे. बाक मात्र बदलला, आणि तोही तिच्या एकटीचा नाही. दर सोमवारी सगळ्या वर्गाची जागा फिरू लागली.

तिसरा पर्याय समुपदेशकाला स्वतःलाच मोहात पाडणारा होता. रेश्मा आठवीपर्यंत रविवारी आईबरोबर बाजारात बसायची. बांगड्याचे वाटे लावणं, लिलावाचा भाव आणि बर्फ-टेम्पोचा खर्च धरून वाट्याची किंमत ठरवणं, गिऱ्हाइकाने घासाघीस केली की किती खाली यायचं ते जागच्या जागी ठरवणं, हे सगळं ती तोंडी करायची. म्हणजे गणित येतं याचा पुरावा घरातच होता. तो समोर ठेवल्यावर ती म्हणाली, “ता गणित न्हय. तो धंदो.” आणि गप्प झाली.

या टप्प्यावर थांबणं महत्त्वाचं ठरलं. ज्या गोष्टीवरून वर्ग हसला, त्याच गोष्टीतून तिची हुशारी सिद्ध करायला गेलं तर ती आपल्यालाही हसणाऱ्यांत धरते. पुरावा मुलाला मान्य असलेल्या क्षेत्रातलाच हवा. तिने 6 चिंचोके अभ्यासावर ठेवले होते, म्हणून अभ्यासातूनच सुरुवात करायचं ठरलं.

काय केलं

घटक चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन 40 मिनिटं बसलो. प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण: बरोबर, चुकलं, सोडलं. निकाल तिच्यासमोर तिच्याच हाताने उमटला. 20 पैकी 11 गुणांचे प्रश्न कोरे होते. सोडवलेल्या 9 गुणांपैकी 7 मिळाले होते आणि दोन्ही चुका चिन्हांच्या होत्या. ‘माका गणित येणा नाय’ या वाक्याला उत्तरपत्रिकेत आधार सापडेना. सापडलं ते एवढंच की अर्ध्याहून जास्त पेपर तिने हातच लावला नव्हता. हे कौतुक नाही, माहिती आहे, आणि म्हणून ती नाकारता आली नाही.

पुढचं काम एकच ठरवलं: कोरं ठेवायचं नाही, पहिली पायरी तरी लिहायची. बहुपदी असो वा दोन चलांतील रेषीय समीकरणं, दिलेली माहिती आणि सूत्र लिहून सोडलं तरी चालेल. दर आठवड्याला किती प्रश्न कोरे राहिले एवढाच आकडा वहीत नोंदवायचा. गुण नाही, नंबर नाही. गणिताच्या सरांना वहीतले शेरे बदलायची विनंती केली. ‘छान’, ‘लक्ष दे’ याऐवजी ‘पहिल्या दोन पायऱ्या बरोबर, तिसऱ्यात कंस सोडवताना वजा चिन्ह राहिलं’. सरांना 42 वह्यांवर हे जमणं शक्य नव्हतं. म्हणून आठवड्याला 6 वह्या, पाळीपाळीने, असं ठरलं.

दुसरा धागा साक्षीदारांचा. रेश्माने तिला विश्वासाची वाटणारी तीन माणसं निवडायची, आणि प्रत्येकाने तिला पाहिलेला एकच प्रसंग सांगायचा. नियम कडक: कधी, कुठे, तिने काय केलं. ‘गुणी’, ‘हुशार’ ही विशेषणं बाद. तिने जुन्या शाळेतले गुरुजी, एक मैत्रीण आणि आजी निवडली. मैत्रिणीने लिहिलं की पावसात एसटी बंद पडली तेव्हा पाचवीतली दोन पोरं रडत होती, रेश्माने त्यांना डब्यातलं घावन दिलं आणि कंडक्टरच्या फोनवरून त्यांच्या घरी कळवायला लावलं. रेश्माला हा प्रसंग आठवतही नव्हता. गुरुजींचा पहिला मजकूर मात्र परत पाठवावा लागला. ‘शाळेचे भूषण’ एवढंच होतं.

वर्गातली चेष्टा वर्गशिक्षिकेने हाताळली. नाव घेऊन वर्गासमोर झाडाझडती केली असती, तर ‘मासळीवाली’ पक्कं झालं असतं. दोन मुलांशी वेगवेगळं बोलणं झालं. गंमत अशी की त्यातला एक बोटमालकाच्या घरचा. त्याच्या दारातही तीच मासळी उतरते. किनाऱ्यावर बोटीचा मालक, खलाशी आणि पाटी घेऊन बसणारी यांच्यातल्या पायऱ्या मुलांना चांगल्या माहीत असतात, हे बाहेरून येणाऱ्या समुपदेशकांच्या लक्षात येत नाही.

सर्वांत अवघड निर्णय आईला काय सांगायचं याचा होता. रेश्माने बजावलं होतं, “आवशीक सांगू नको.” रक्तक्षय सांगणं भाग होतं आणि तो तिला विचारून सांगितला. चेष्टेचा विषय तिच्या परवानगीशिवाय काढायचा नाही असं ठरवलं, कारण सुरक्षिततेचा धोका नव्हता. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून हंगाम सुरू झालेला, त्यामुळे भेट बाजार आटोपल्यावर दुपारी ठेवली. आईने स्वतःच विषय काढला: “माका म्हायत आसा. गेल्या वर्सापासून माझ्यावांगडा बाजारात येणा नाय. मी इचारूक नाय.” तिला इतकंच सुचवलं की बाजारात यायचा आग्रह नको, टोमणाही नको, आणि नातेवाईकांनी रंगावरून काही म्हटलं की तिथल्या तिथे विषय बदलायचा.

परिणाम

दुसऱ्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 12, आणि कोरे प्रश्न 3 गुणांचे. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.2 झालं आणि दुपारची झोप गेली. सुधारणेत लोहगोळीचा वाटा किती आणि बाकीच्या कामाचा किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढल्याचा आव आणू नये. दिवाळीनंतर ती विज्ञानाच्या तासाला न विचारता बोलली. शिक्षिकेने त्यावर काहीच टिप्पणी केली नाही, हे उत्तम केलं.

चिंचोके फेब्रुवारीत पुन्हा मांडले. दिसण्यावर 8. म्हणजे तिथे जवळजवळ काही हललं नाही. अभ्यास 6, मैत्रिणी 4 तसेच, आणि एक चिंचोका हातातल्या कलेवर आला, वागणुकीवरचा एक जागेवर. घरच्या कामाचं कार्ड रिकामंच. आईबरोबर बाजारात ती अजून जात नाही. तो तिचा निर्णय म्हणून सोडला आहे.

स्नेहसंमेलनाबाबत मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. नाचाच्या रांगा उंचीप्रमाणे लावायच्या आणि दर कडव्याला मागची रांग पुढे घ्यायची, असं ठरलं. पहिलं झालं. दुसरं बसवायला वेळ नाही म्हणून राहिलं. सूत्रसंचालन नेहमीच्याच दोघींकडे गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

‘मी कोण आहे?’ हा उपक्रम चांगला आहे, फक्त मोठ्याने वाचायचा नाही. 12 ते 15 मिनिटं द्यावीत, कागद मुलांकडेच राहावा, आणि सांगावंसं वाटलं तर प्रत्येकाने स्वतः निवडलेलं एक वाक्य चिठ्ठीवर बिननावाने द्यावं. ज्याला द्यायचं नाही त्याने कोरी चिठ्ठी टाकावी, म्हणजे कोण मागे राहिलं ते दिसत नाही.

दोन चेष्टेखोर मुलांशी बोलणं सप्टेंबरात झालं, प्रसंग जुलैचा. मधल्या काळात तो शब्द दुसऱ्या तुकडीत पोचला होता. पहिल्या आठवड्यात बोलणं व्हायला हवं होतं, त्यासाठी समुपदेशकाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

आईची भेट जूनमध्ये झाली असती तर सोपं गेलं असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बाया सुकी मासळी विकतात, पण पहाटेची धावपळ नसते. मच्छीमार गावांत पालकभेटी याच दोन महिन्यांत उरकाव्यात. ऑगस्टनंतर बोलावून कुणी आलं नाही की ‘पालक उदासीन’ असा शेरा बसतो. वडिलांशी मात्र या प्रकरणात एकदाही भेट झाली नाही.

आठवीच्या प्रवेशावेळी जिल्हा परिषद शाळेकडून फक्त गुणपत्रक येतं. परिपाठ कोण घेत होतं, भाषण कोण करत होतं, ही माहिती एका ओळीत आली असती तर वर्षभर मागच्या बाकावर गेलेलं मूल आठवीतच दिसलं असतं. यंदा चार वाड्यांच्या शाळांना तशी एक ओळ मागितली, दोघांकडून आली.

दहावीच्या वर्गशिक्षकांकडे रेश्माबद्दल अर्धं पान दिलं आहे, तिला दाखवून आणि तिने एक वाक्य खोडल्यावर. त्यात कोऱ्या प्रश्नांची नोंद चालू ठेवणं, जूनमध्ये हिमोग्लोबिनची पुन्हा तपासणी, आणि वर्गात नंबर जाहीर न करणं या तीन गोष्टी आहेत. तिसरी त्यांनी अजून मान्य केलेली नाही.